कठडे काढले तेव्हा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही काटकोन केला नव्हता. ते तंबूकार. इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या आमच्या गावात घरटी एक माणूस तंबूची लाकडं वाकवतो, पण बाबांचा, असानकुलचा हात वेगळाच. वाळुंजीच्या काठ्या वाफेवर धरायच्या, गुडघ्याखाली दाबून वाकवायच्या, जाळीच्या भिंती बांधायच्या, वरचं कडं घडवायचं. सगळं गोल. "कोपरा म्हणजे धूळ आणि सैतान बसायची जागा," असं ते म्हणायचे, आणि स्वतःच्या घरातल्या कोपऱ्यांकडेही जरा रागानंच बघायचे.

आणि अशा माणसाला माझ्या सासूबाईंनी पिकअपच्या हौद्याला लाकडी कठडे करायला बोलावलं. मी शेजारीच उभी होते, फोनचा आवाज मोठा होता.

"व्याहीबुवा, रिकामे आहात का?"

"दोन तंबू हातात आहेत, विहीणबाई."

"म्हणजे रिकामेच. लाकूड घेऊन या. चौकोनी काम आहे."

मग बाबा म्हणाले, "माझी मुलगी तुमच्या घरी दिली, तेवढं पुरे नव्हतं का?"

सासूबाई, म्हणजे झुराकान, नवऱ्यामागे कळप एकहाती सांभाळणारी बाई. उंच, रुंद, चालायला लागली की घोडासुद्धा वाट देतो. त्यांच्यापुढे बाबांचं काय चालणार? वसंताच्या सुरुवातीला ते लाकडं बांधून, खिंड ओलांडून आमच्याकडे नारीनच्या बाजूला हजर झाले.

पिकअप माझ्या नवऱ्यानं, तेमिरकुलनं, हिवाळ्यात आणला होता. जुना, वाळू वाहून दमलेला. हौद्याची पत्र्याची बाजू गुडघ्याएवढीही नव्हती. गवताच्या गाठी भरायला ते बरं, कारण दोन्ही बाजूंनी हात पोचतो. पण कुरणावर जाताना नुकती जन्मलेली कोकरं त्यात घालायची तर पहिल्याच वळणावर निम्मी खाली. म्हणून कठडे हवेत, आणि गवताच्या वेळी काढून ठेवता येतील असे हवेत. बाजारातला वेल्डर लोखंडी करून द्यायला तयार होता. सासूबाईंनी त्याला विचारलं, "थंडीत लोखंडाला कोकराची जीभ चिकटली तर सोडवायला तू येणार का?"

बाबांनी पहिला दिवस कशालाच हात लावला नाही. हौद्याभोवती फिरले. कडेला खुंट बसवायच्या पत्र्याच्या खोबणी होत्या, त्यात बोटं घालून चाचपल्या. मग म्हणाले, "एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. ही ठोकलेली, ही दबलेली, ही कुणीतरी परत जोडलेली."

"मग काय करणार, मामा?" तेमिरकुलनं विचारलं.

"प्रत्येकीला तिच्या मापाचा खुंट. सगळ्या सुनांना एकच बूट घालता येतो का?"

खुंटांना त्यांनी भूर्जाचं लाकूड घेतलं, आडव्या पट्ट्यांना पॉप्लरचं, म्हणजे वजन हलकं. खुंटाची खालची टोकं किंचित निमुळती तासली, म्हणजे घालताना सुळकन जातील आणि खाली जाऊन घट्ट बसतील. कुठला खुंट कुठल्या खोबणीचा हे कळावं म्हणून तापल्या तारेनं त्यावर खुणा डागल्या. एकावर शिंग, एकावर खूर, एकावर चंद्र. आकडे नाहीत. बाबांना आकडे आवडत नाहीत.

भांडण जुंपलं ते पट्ट्यांवरून. सासूबाईंना फळ्या एकाला एक भिडवून बंद भिंत हवी होती.

"वारा लागतो पिलांना," त्या म्हणाल्या.

"जनावराला बाहेर दिसलं पाहिजे," बाबा म्हणाले. "बंद पेटीत घातलंत तर घाबरून एका कोपऱ्यात ढीग होतील. खालची गुदमरून मरतील. कोपऱ्याचं मी सांगतोच आहे कधीपासून."

"तुम्ही तंबूवाले. तुम्हाला भोकांशिवाय भिंत दिसतच नाही."

"आणि तुम्हाला भोक असूनही सापडत नाही. काल सुई शोधत होतात."

चहा ओतताना मला हसू आवरेना. पाहुण्याला मानाच्या जागी बसवायचं, लोण्याची वाटी त्याच्यापुढे सरकवायची आणि मग त्याला सोलून काढायचं, ही सासूबाईंची रीत. शेवटी तोड निघाली. सगळ्यात खालची फळी रुंद आणि बंद, म्हणजे पाय अडकायचे नाहीत. वरच्या पट्ट्यांमध्ये हाताच्या पंजाएवढी फट. आणि वारा सुटला तर बाहेरून लोकरीचा जाड नमदा बांधायचा. तो सासूबाई स्वतः लाटणार. लोकरीच्या कामात बाबांनी तोंड घालायचं नाही.

तेमिरकुलनं डबाभर बोल्ट आणून ठेवले होते. बाबांनी डबा उचलून बाजूला ठेवला.

"राहू दे. तुझ्या गाडीलाच लागतील ते."

त्यांनी कच्च्या चामड्याच्या वाद्या पाण्यात भिजत घातल्या. तंबूच्या जाळीला बांधतात त्याच. लाकडाला भोक पाडून ओली वादी ओवायची, गाठ मारायची, वाळू द्यायची. वाळताना वादी आवळते आणि दगडासारखी होते, तरी सांध्यात जरासा जीव राहतो. "आपल्या रस्त्यावर खिळा ढिला होतो, बोल्ट लाकूड फाडतो," ते म्हणाले. "हे हललं तरी सुटत नाही." फक्त चारही बाजू जिथे भेटतात तिथे, म्हणजे त्यांच्या त्या नकोशा कोपऱ्यांत, त्यांनी लोखंडी आकडे बसवले. आकडा उचलला, खुंट वर ओढले, की अख्खी बाजू दोन माणसांच्या हातात.

सगळं झाल्यावर सासूबाई आल्या. त्यांनी खांदा लावला आणि सगळं वजन कठड्यावर टाकलं. कठडा वाकला. कुरकुरला. त्या बाजूला झाल्या तसा पुन्हा जागेवर आला.

"हं," त्या म्हणाल्या.

बाबा मला नंतर हळूच म्हणाले, "ऐकलंस ना? हं म्हणाल्या."

मे महिन्यात आम्ही वर गेलो. मोठ्या मेंढ्या आणि मागून घोडे पायवाटेनं, कोकरं पिकअपमध्ये. बाबांना परत जायचं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "आपली वस्तू चालताना न बघता जाणारा कारागीर मी पाहिला नाही." मग काय, बाबा आले. कुरणावर गवत नुकतं बोटभर आलं होतं. तंबू बाबांनीच उभारला, आणि त्याची लाकडं कुणी वाकवली म्हणून दिवसभर नाक मुरडत राहिले.

थोडे दिवस छान गेले. मग एका दुपारी डोंगर फार जवळ दिसू लागले. हात पुढे केला तर लागतील असे. मेंढ्या चरायच्या थांबल्या आणि एकमेकींत डोकी घालून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी आकाशाकडे पाहिलं आणि पेटवायचं शेण सगळं तंबूत आणायला सांगितलं. संध्याकाळी बर्फ सुरू झालं.

सकाळी दार ढकलायला तेमिरकुलला खांदा लावावा लागला. कुरण नव्हतंच. गुडघ्याच्या वर पांढरं, आणि अजून पडतच होतं, जाड, ओलं. मेंढ्या वाऱ्याकडे शेपटी करून उभ्या होत्या, पाठीवर बर्फाची घोंगडी घेऊन. प्रत्येकीच्या पोटाखाली एक ओली थरथरती गोष्ट. दोन कोकरं आधीच कडक झाली होती. त्यांच्या आया त्यांना खुरानं हलवत होत्या.

"खाली पाऊस असेल," सासूबाई म्हणाल्या. "नदीच्या वळणापर्यंत उतरलो तर वाचतील. इथे राहिली तर उद्या एकही नाही."

तेमिरकुल घोड्यावर बसला, कुत्रा सोडला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. मेंढी बर्फात हलत नाही, त्यातून कोकरू पायाशी असेल तर मुळीच नाही. एक बाजू हलवली की दुसरी पुन्हा गोळा होऊन थांबायची. कुत्रा जीभ काढून बसला.

सासूबाई थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोकरं भरा. सगळी."

"आणि आया?" बाबांनी विचारलं.

"येतील."

"नाही आल्या तर?"

"तर तुम्ही त्यांना तुमचं ते सैतानाचं सांगा, व्याहीबुवा. आता उचला."

आम्ही उचलायला लागलो. पोटाखालून ओढायचं, छातीशी धरून पळायचं, मागच्या फाळक्यावरून आत द्यायचं. बाबा हौद्यात उभे राहून घेत होते. कोकरू ओलं असलं की माशासारखं निसटतं. आया मागून यायच्या, दोन पावलं, मग बर्फात थबकायच्या. हौदा भरला तेव्हा तेमिरकुलनं सवयीनं नमदा बांधायला घेतला, कारण वारा बोचत होता. सासूबाई आल्या आणि त्यांनी तो हिसडून काढला. त्यांनी स्वतः लाटलेला नमदा.

"दिसू देत," त्या म्हणाल्या.

कोकरांनी फटींतून तोंडं काढली. सगळी एकदम ओरडायला लागली. आणि मी पाहिलं, कळपातली मान अन् मान वर झाली. बर्फाची घोंगडी एकामागून एक गळून पडली.

चाकांना साखळ्या होत्या. तेमिरकुलनं गाडी इतकी हळू काढली की शेजारून माणूस चालू शकेल. सासूबाई पुढे काठीनं रस्ता चाचपत चालल्या होत्या. बाबा आणि मी मागे कोकरांत, कठड्याला धरून. पहिल्यांदा एक मेंढी निघाली, फाटक्या कानाची, म्हातारी. चाकानं दाबलेल्या चाकोरीत तिनं पाय ठेवला, हुंगलं, आणि चालू लागली. तिच्यामागे दुसरी. मग दुसऱ्या चाकोरीत तिसरी. मी मागे बघत होते, आणि उतारावरचं ते पांढरं एकसंध कुरण दोन ओळींत उसवत चाललं होतं. दोन काळपट दोरे, जिवंत, आमच्या मागे ओढले जात होते. त्यांचा श्वास वर उठत होता आणि त्यांच्यावरच ढगासारखा तरंगत होता. कुणी हाकत नव्हतं. कुत्रासुद्धा शहाण्यासारखा सगळ्यांच्या मागून येत होता. प्रत्येक ओरड्याला मागून उत्तर येत होतं, आणि ते उत्तर नेमक्या कुणाला आहे हे पुढे कुणाला तरी कळत होतं, कारण तेवढंच एक कोकरू गप्प व्हायचं.

बाबांनी टोपी काढली. बर्फ पडत असताना.

"बाबा, टोपी घाला."

त्यांनी ऐकलंच नाही.

खाली उतरत गेलो तसं बर्फ पातळ झालं आणि चिखल लागला. नदीच्या वरच्या अंगाला रस्ता कडेकडेनं जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला घसरण आणि तिच्या तळाशी फुगलेलं पाणी. तिथेच मागची चाकं रुतली. तेमिरकुलनं जोर दिला, चाकं गरगरली, गाडी बोटभर घसरणीकडे सरकली. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. चेहरा पिठासारखा.

"चाकाखाली काहीतरी हवं," तो म्हणाला. "दगड, फांद्या, काहीही."

तिथे झुडूप नव्हतं. दगड होते ते चिखलात, आणि होते ते मुठीएवढे. नमदा घातला तर साखळीनं क्षणात ओढून फाडला. मग बाबा म्हणाले,

"कठडे काढा."

"वेड लागलंय का?" सासूबाई म्हणाल्या. "पिलं त्या बाजूनं पाण्यात जातील."

"गाडीच गेली तर सगळीच जातील."

सासूबाईंनी घसरणीकडे पाहिलं, कोकरांकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, देवाचंच असावं. आणि डोंगराच्या बाजूचा आकडा स्वतः उचलला.

आधी ती बाजू निघाली. खुंट खोबणीतून सुळकन वर आले. मी हौद्यात हात पसरून उभी होते, जणू दोन हातांनी एवढी कोकरं अडणार होती. मग त्यांनी घसरणीची बाजू काढली. आता हौद्याला गुडघ्याखालचा पत्रा तेवढा उरला. सगळ्यात लहान कोकरूसुद्धा उडी मारेल असा.

आणि मेंढ्या आल्या.

कुणी बोलावलं नाही. त्या चाकोऱ्या सोडून दोन्ही बाजूंनी आल्या. डोंगराच्या अंगानं आल्या आणि त्या अरुंद कडेवरूनही आल्या, जिथे मी पाय ठेवला नसता. येऊन हौद्याला चिकटल्या. अंगाला अंग, इतक्या दाटीनं की मध्ये हात घालायला जागा नाही. त्यांनी माना वर करून पत्र्यावर हनुवट्या टेकल्या. आत कोकरं कडेला सरकली. मला वाटलं, आता पडतील. पडली नाहीत. उभी राहिली, आणि आपापली तोंडं खाली करून हुंगू लागली. नाकाला नाक. इकडून तिकडे, नाही, ही नाही, ही. जिथे जोडी जुळली तिथे दोघंही स्तब्ध.

सकाळपासून कान फोडणारा तो कल्लोळ थांबला. एकदम. इतका की खालच्या पाण्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. वाफाळलेल्या लोकरीचा वास, हौद्याभोवती लोकरीची जिवंत भिंत, आणि तिच्यावरून आत बघणारे ते पिवळे, आडव्या बाहुल्यांचे डोळे. मी हात खाली घेतले. माझी तिथे काही गरजच नव्हती.

बाबा आणि तेमिरकुल गुडघ्यांवर बसून मेंढ्यांच्या पायांमधून कठडे चाकांखाली सरकवत होते. एकही मेंढी हलली नाही. बाबांच्या पाठीवर एकीचा खूर पडला, ते सरकवतच राहिले. मग तेमिरकुल आत बसला. सासूबाई समोर उभ्या राहिल्या, हात वर करून.

"हळू रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाळंतिणीच्या खोलीतून जातोयस असं समज."

चाकं कठड्यांवर चढली. पट्ट्या कुरकुरल्या, वाकल्या, वाद्या ताणल्या गेल्या. एक पट्टी बंदुकीसारखी कडाडली. बाकी सगळं धरून राहिलं. गाडी वर आली, आणि तिच्याबरोबर दोन्ही बाजूंनी मेंढ्याही चालू लागल्या, हौद्यापासून न सुटता, पावलाला पाऊल. गाडी कोण चालवत होतं ते त्या क्षणी सांगता आलं नसतं. एकीचाही पाय चाकाखाली आला नाही, एकही कोकरू पडलं नाही. रस्ता रुंद झाला तिथे सासूबाईंनी हात खाली केला आणि गाडी थांबली.

आम्ही चिखलानं माखलेले कठडे पुन्हा चढवले. बाबांनी खुणा बोटानं पुसून पाहिल्या. शिंग शिंगाच्या जागी, चंद्र चंद्राच्या जागी. मोडलेली पट्टी त्यांनी वादीच्या तुकड्यानं बांधली.

नदीच्या वळणावर खरंच पाऊस होता, आणि पावसाखाली हिरवं गवत. फाळका उघडला. पुढची धांदल मी दरवर्षी बघते, तरी त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखी बघितली. शेकडो आवाजांत एकेक कोकरू तीरासारखं जायचं, दोन-तीन लाथा खायचं, आणि शेवटी एका मेंढीपाशी जाऊन गुडघे टेकायचं. शेपट्या हलायला लागल्या. ज्या दोघींची पिलं वर राहिली होती, त्या हौद्यापाशी उभ्याच होत्या. रिकाम्या फळ्या हुंगत होत्या. सासूबाईंनी त्यांना हाकललं नाही.

दिवस कलला तेव्हा तेमिरकुलनं ताडपत्री बांधली आणि मी चहा केला. पेटवण बरोबर आणलंच नव्हतं, मग शेवटी ती मोडकी पट्टीच सोडवून जाळली. कुरुतचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खारट गोळा गालात धरून बाबा नुसते मेंढ्यांकडे बघत बसले होते. दुधाचा चहा निवून गेला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "त्या तशा येऊन उभ्या राहतील, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

सासूबाई बूट काढून पाय शेकत होत्या. एरवी त्यांनी हो म्हटलं असतं. मेंढ्यांबद्दल त्यांना माहीत नाही असं काही असेल, हे त्या कबूल करत नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग आकडा उचललात कसा?"

"तुम्ही कसं म्हणालात, काढा म्हणून?"

बाबांनी विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून.

"दुसरं काही नव्हतंच," ते म्हणाले.

"मग तेच."

पुढे टोमणा नाही, उत्तर नाही. मला ते इतकं चमत्कारिक वाटलं की मी आणि तेमिरकुल एकमेकांकडे बघायला लागलो. मग सासूबाईंनी बाबांचा निवलेला चहा फेकून दिला, दुसरा ओतला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. पेला त्यांनी नेहमीसारखा अर्धाच भरला होता, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा.

पाऊस झिमझिमत होता. फाटक्या कानाची ती म्हातारी मेंढी जवळच बसली होती, रवंथ करत. तिच्या पाठीवर तिचं कोकरू चढून उभं राहिलं, घसरलं, पुन्हा चढलं. बाबा पेला हातात धरून तेच बघत राहिले.